खसखशीएवढा साक्षीदार आणि त्याच्या तोंडी घातलेली तारीख

कुर्ल्याचा दगड पाहायला कुर्ल्यास जावे लागत नाही. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाकडे वळले की राजाबाई टॉवर समोर उभा असतो. १८६९ ते १८७८ या काळात बांधल्या गेलेल्या त्या मनोऱ्याचा पिवळसर दगड कुर्ल्याच्या खाणींतला. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, पैसा प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या मातोश्रींचे. हे सारे या धाग्यांचे नेहमीचे वाचक झोपेतही सांगतील. पण तो दगड स्वतः केव्हाचा, असे विचारले की उत्तर एकच येते: साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर संपले तेव्हाचा.

हे उत्तर मुंबईभर सरसकट वाटले जाते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला तेच, वरळीच्या जीवाश्म बेडकांनाही तेच. अलीकडे त्यास पुरावा म्हणून एक ओळ जोडली जाते: वरळीच्या गाळखडकांत सिप्रिस नावाच्या सूक्ष्म कवचधर प्राण्याचे जीवाश्म मिळतात, आणि म्हणून ते थर डायनोसॉरांच्या, म्हणजे क्रिटेशस, कालखंडातले ठरतात.

आजचा धागा या ओळीविरुद्ध आहे. चार वर्षांपूर्वी मीही ती जशीच्या तशी वापरली होती आणि तिला भरपूर टाळ्या मिळाल्या होत्या. त्यामुळे यातला निम्मा राग स्वतःवरचा समजावा. ओळीतले पहिले वाक्य खरे आहे. दुसरे त्यातून निघत नाही. आणि ते का निघत नाही, हे कळण्यासाठी भूशास्त्राची पदवी लागत नाही. मोडी कागद हाताळणाऱ्या कोणालाही ही चूक ओळखीची वाटेल.

प्रथम साक्षीदाराची ओळख करून घेऊ.

ऑस्ट्राकोड हा खेकडा-कोळंबीचा दूरचा भाऊबंद. आकार साधारण खसखशीच्या दाण्याएवढा. बहुतेक जाती अर्धा ते दोन मिलिमीटर. अंगावर शिंपल्यासारखी दोन चुनखडी कवचे, पाठीकडे बिजागरीने जोडलेली. संकट आले की प्राणी आत शिरून दार लावून घेतो. वाढताना तो आठ वेळा कात टाकतो, आणि प्रत्येक वेळी जुन्या कवचांची जोडी तळाशी पडते. म्हणजे एकच जीव मरेपर्यंत अनेक जोड्या गाळाला अर्पण करून जातो. त्यामुळे ज्या तळ्यात मासा-बेडूक एखादाच सापडावा, त्या तळ्याच्या मूठभर गाळात ऑस्ट्राकोड शेकड्यांनी मिळू शकतात. विहिरीत, भातखाचरात, पावसाळी डबक्यात ते आजही असतात. कित्येक जातींची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात, वाऱ्याने उडतात, पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून मैलोन्‌मैल जातात. शेवटची बाब लक्षात ठेवावी, पुढे कामास येईल.

भूशास्त्रज्ञांना हा प्राणी प्रिय असण्याचे कारण साधे आहे. समुद्रात साचलेल्या खडकांचा काळ ठरवणे तुलनेने सोपे असते. समुद्र सगळीकडे एकमेकांना जोडलेला, त्यामुळे तिथल्या तरंगत्या जीवांच्या जाती जगभर जवळपास एकाच वेळी उदय पावतात आणि लोप पावतात. नदी, तळे, दलदल यांच्या गाळात ते जीव नसतात. मग तिथे काय करायचे? जे असते त्यावर भागवायचे. ऑस्ट्राकोड असतात, परागकण असतात, आणि ‘एस्थेरिया’ या जुन्या नावाने ओळखले गेलेले, शिंपल्यासारख्या कवचाचे आणखी एक सूक्ष्म कवचधर असतात. (या शेवटच्यांच्या अभ्यासात आपल्याकडचे एक गाव कायमचे नोंदले गेले आहे. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथील नमुन्यांना थॉमस रूपर्ट जोन्स यांनी १८६२ मध्ये ‘एस्थेरिया मंगलिएन्सिस’ असे नाव दिले.)

ही पद्धत मुळातच कुचकामी आहे, असे मी म्हणत नाही. दक्षिण इंग्लंडमधील पर्बेकचे थर एडवर्ड फोर्ब्स यांनी १८५० च्या सुमारास ज्या जीवाश्मांवरून विभागले, त्यांत ऑस्ट्राकोड होते. ब्राझीलच्या किनाऱ्यावर मिठाच्या जाड थराखाली जे तेल सापडले, ते ज्या प्राचीन सरोवरांच्या गाळात आहे त्या गाळाची पाने प्रामुख्याने ऑस्ट्राकोडांवरूनच उलटली जातात. अटलांटिक महासागर अजून उघडला नव्हता, तेव्हा ब्राझील आणि आफ्रिकेतील गॅबन यांच्यामध्ये खचदऱ्यांतली सरोवरे होती. म्हणून आज महासागराच्या दोन काठांवर असलेल्या विहिरींतले थर या खसखशीएवढ्या कवचांच्या साहाय्याने एकमेकांशी जुळवता येतात. तेल कंपन्या भावनेपोटी पैसे खर्च करत नाहीत. पद्धत तिथे चालते.

ती तिथे का चालते, हे मात्र पाहिले पाहिजे. सरोवर मोठे, लाखो वर्षे टिकलेले, गाळाची जाडी प्रचंड, आणि त्या गाळात एकावर एक शेकडो पातळ्यांवर ऑस्ट्राकोडांच्या जाती बदलताना दिसतात. म्हणजे पुस्तक सलग आहे. फाटलेले पान कोणते, हे मागच्या-पुढच्या पानांवरून कळते.

आपल्या दख्खनमध्ये पुस्तक नाही, सुट्या चिठ्ठ्या आहेत. लाव्हाचा एक प्रवाह आला, थिजला. त्याच्या खळग्यांत पाणी साचले, शेवाळ आले, बेडूक आले, ऑस्ट्राकोड आले. मग पुढच्या प्रवाहाने सगळे झाकून टाकले. दोन लाव्हांच्या मध्ये दबलेल्या या गाळाला अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. त्यांची जाडी बहुधा काही मीटरच. विस्तारही फारसा नाही. नागपूरचे एक तळे, छिंदवाड्याचे दुसरे, वरळीचे तिसरे. कोणते आधीचे, कोणते नंतरचे, हे तळ्यातला प्राणी कसे सांगणार? त्याने फक्त आपले तळे पाहिले आहे.

आता या साक्षीदाराची जबानी कोणी, कधी नोंदवली ते पाहू, कारण खरा घोळ तिथे आहे.

जॉन ग्रँट मॅल्कमसन हा मद्रास सेवेतला शल्यचिकित्सक. नागपूर-हैदराबाद मार्गावरच्या सिचेल टेकड्यांतून त्याने गोड्या पाण्यातले जीवाश्म गोळा केले आणि लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे निबंध मांडला. तो १८४० मध्ये छापला गेला, तेव्हा त्यातल्या कवचांचे वर्णन जेम्स डी कार्ल सॉवर्बी यांनी केले. त्यांतल्या एका गोलसर ऑस्ट्राकोडाला नाव मिळाले ‘सिप्रिस सबग्लोबोसा’. हे नाव लक्षात ठेवा.

पुढे १८४७ मध्ये मुंबईच्या चिमुकल्या बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी ‘राना पुसिला’ म्हणून केले. १९३० मध्ये नोबल यांनी त्याला ‘इंडोबॅट्राकस’ हे आजचे प्रजातिनाम दिले. १८५२ मध्ये हेन्री जॉन कार्टर या मुंबईतल्या शल्यचिकित्सकाने मुंबई बेटाच्या भूरचनेवरचा निबंध प्रसिद्ध केला. वरळीचे गोड्या पाण्यातले थर, त्यांतले कासव, बेडूक आणि सिप्रिसची कवचे त्यात आली. तिकडे नागपुरात स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी (हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे) टाकळीच्या आसपासचे थर खणत होता. १८६० मध्ये त्याचा मोठा निबंध लंडनला छापला गेला, आणि त्याने पाठवलेल्या ऑस्ट्राकोडांचे वर्णन वर उल्लेखलेल्या जोन्स यांनी केले.

हिस्लॉपने या थरांचा काळ कोणता ठरवला? इओसीन. म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचा, बराच अलीकडचा. त्याच्यापुढे गोगलगायी होत्या, वनस्पती होत्या, ऑस्ट्राकोड होते. त्याने ते सगळे युरोपातल्या परिचित जीवाश्मांशी ताडून पाहिले आणि तृतीयक कालखंडाकडे कौल दिला. विसाव्या शतकात बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दख्खनचे खडक क्रिटेशस की तृतीयक, हाच प्रश्न शीर्षकात घालून लेख लिहिला, त्यांचाही कल वनस्पतींवरून तृतीयकाकडेच होता. मग १९८० च्या दशकात चित्र पालटले. लाव्हांचे चुंबकीय मोजमाप, किरणोत्सारी कालमापन, आणि काही अंतरा-ट्रॅपी थरांतले डायनोसॉरचे अवशेष यांमुळे दख्खनच्या लाव्हाचा मुख्य भाग क्रिटेशसच्या अखेरीस येऊन बसला. त्याबरोबर त्यातले ऑस्ट्राकोडही मास्ट्रिक्टियन, म्हणजे क्रिटेशसच्या अगदी शेवटच्या टप्प्याचे, म्हणून ओळखले जाऊ लागले.

इथे थांबून विचार करा. टाकळीचे कवच १८६० मध्ये इओसीन होते, १९९० मध्ये क्रिटेशस झाले. कवचात काही बदल झाला का? नाही. कवच तेच, तारीख बदलली. तारीख कवचाने दिलीच नव्हती. ती भोवतालच्या लाव्हावरून आणि डायनोसॉरांच्या हाडांवरून त्याला मिळाली होती. आणि आता आपण तेच कवच वरळीत सापडले म्हणून वरळीला तीच तारीख देतो आहोत!

आपल्या क्षेत्रात हे कसे घडते, ते सांगायला नको. एखाद्या दफ्तरात तारीख नसलेला कागद सापडतो. संपादक मजकुरातल्या मोहिमेवरून अंदाजाने त्यावर साल घालतो, कंसात आणि प्रश्नचिन्हासह. पुढच्या पिढीत कंस गळतो, प्रश्नचिन्ह गळते. मग कोणीतरी त्याच कागदाचा हवाला देऊन सांगतो की ती मोहीम अमुक साली झाली, कारण पत्रावर तसे साल आहे. पुरावा आपल्याच शेपटीला धरून गोल फिरतो. अशा धाग्यावर तुम्ही तुटून पडता, आणि योग्यच करता. मग खडकाच्या बाबतीत तो बारकावा कुठे जातो?

उलट, चांगले कालनिर्णयन कसे असते तेही आपल्याला ठाऊक आहे. शिवजन्माच्या तिथीचा वाद आठवा. शके १५४९ चा वैशाख की शके १५५१ चा फाल्गुन? जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तेवढ्याने वाद मिटला नाही. परमानंदाचे ‘शिवभारत’ आले, जोधपूरला कुंडली मिळाली; एकमेकांना न भेटलेले तीन साक्षीदार एकाच तिथीकडे बोट दाखवू लागले, तेव्हा शके १५५१ ला खरे बळ आले. साक्षीदार किती, यापेक्षा ते एकमेकांपासून किती स्वतंत्र, हे महत्त्वाचे.

आता सबग्लोबोसाकडे परत येऊ, कारण तिच्या नावाची कथा या सगळ्या घोटाळ्याचे मूळ दाखवते.

सॉवर्बींनी दिलेले ते नाव इतके सोयीचे ठरले की पुढे आशिया-आफ्रिकेतल्या तळ्यांत मिळणाऱ्या जिवंत, गोलसर ऑस्ट्राकोडांनाही लोक ‘सिप्रिस सबग्लोबोसा’ म्हणू लागले. कागदावर पाहता एकच जात डायनोसॉरांच्या काळापासून आजच्या भातखाचरापर्यंत अखंड चालत आली, असे दिसू लागले. जी जात साडेसहा कोटी वर्षे टिकते, ती कोणत्याही थराचा काळ सांगायला निरुपयोगी. तिच्या असण्यावरून थर कालचाही असू शकतो आणि डायनोसॉरांच्या वेळचाही. तरीही ‘सिप्रिस आहे म्हणून क्रिटेशस’ हे वाक्य निर्धास्तपणे लिहिले जात राहिले! २००३ मध्ये रॉबिन व्हॉटली, सुनील बाजपेयी आणि जॉन व्हिटेकर यांनी ‘पॅलिओन्टॉलॉजी’ या नियतकालिकात या जातीच्या ओळखीवरच निबंध लिहिला आणि मूळ जीवाश्माची नव्याने तपासणी केली. निष्कर्ष असा की दख्खनचा जीवाश्म आणि आजचा जिवंत प्राणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अभ्यासक आता दख्खनच्या जीवाश्माला ‘पॅरासिप्रेटा सबग्लोबोसा’ म्हणतात. म्हणजे १६० हून अधिक वर्षे एका नावाखाली दोन घराणी नांदत होती. कवचांवरून काळ ठरवणारा माणूस प्रत्यक्षात नावांवरून काळ ठरवत असतो, आणि नाव चुकले तर पुढचे सगळे गणित चुकते. एकाच नावाचे दोन देशमुख एकच मानून वंशावळ लावणाऱ्यांची फजिती आपण पाहिलेली आहे. ही त्याच जातीची.

कोणी म्हणेल, नाव दुरुस्त झाले ना? मग आता तरी पॅरासिप्रेटा दिसली की क्रिटेशस म्हणावे. तेही नाही. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाची जागा आहे. तिथल्या अंतरा-ट्रॅपी थरात एक विलक्षण योग जुळून आला. गोड्या पाण्यातल्या ऑस्ट्राकोडांबरोबर तिथे समुद्रात तरंगणारे फोरॅमिनिफेरा सापडले. कधीतरी समुद्राचे पाणी तिथवर पोचले असले पाहिजे. गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ते तपासले, तर ते डेनियन निघाले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या पहिल्या टप्प्यातले. आणि त्याच थरातल्या ऑस्ट्राकोडांची यादी, जी शर्मा आणि खोसला यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली, ती क्रिटेशस म्हणून ठरलेल्या इतर तळ्यांच्या यादीशी बरीचशी जुळते. पॅरासिप्रेटा सबग्लोबोसाही त्यात आहे.

याचा अर्थ सरळ आहे. ज्या आपत्तीने डायनोसॉर संपले, ती दख्खनच्या डबक्यांतल्या या प्राण्याने पार केली. कोरड्या मातीत अंडी जपणारा, वाऱ्यावर प्रवास करणारा जीव तग धरून राहिला, यात नवल ते काय? पण जो साक्षीदार सीमेच्या अलीकडेही होता आणि पलीकडेही, त्याला ‘तू सीमेच्या कोणत्या बाजूचा’ असे विचारून उपयोग नाही.

मग मुंबईचे काय? येथे दोन स्वतंत्र साक्षीदार बोलले आहेत.

पहिला साक्षीदार परागकण. क्रिप्स, विडोसन, स्पायसर आणि जॉली यांनी २००५ मध्ये मुंबईच्या अंतरा-ट्रॅपी थरांतील परागकण व वनस्पतिकण अभ्यासले आणि थर डेनियन ठरवला. किनाऱ्यालगतच्या त्या परिसरावर दख्खनच्या उत्तरकालीन ज्वालामुखींचा काय परिणाम झाला, हा त्यांच्या निबंधाचा विषय होता.

दुसरा साक्षीदार लाव्हा. पोटॅशियमचा एक प्रकार ठरलेल्या गतीने आर्गॉन वायूत बदलत असतो. खडक थिजल्यापासून स्फटिकांत कोंडून राहिलेला आर्गॉन मोजला की थिजल्याची वेळ कळते. मुंबईत ट्रॅकाइट नावाचा, पोटॅशियमने समृद्ध असा फिकट ज्वालामुखी खडक आहे. या घड्याळाला तो उत्तम. हेतु शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भुतानी यांनी २००१ मध्ये मनोरी आणि साकीनाका येथील ट्रॅकाइटचे वय प्रसिद्ध केले: ६.०४ कोटी आणि ६.१८ कोटी वर्षे, दोन्हींत सहा लाख वर्षे इकडेतिकडे. साकीनाका म्हणजे कुर्ल्याहून अंधेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, आपले रोजचे वाहतूक कोंडीचे ठिकाण! पुढे भाईंदरच्या पश्चिमेकडील डोंगरीच्या रायोलाइटला सुमारे ६.२६ कोटी, आणि गिल्बर्ट हिलच्या बसाल्टला सुमारे ६.०५ कोटी असे आकडे आले.

क्रिटेशसची अखेर ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. म्हणजे मुंबईचे हे खडक त्या अखेरीनंतर साधारण पस्तीस ते पंचावन्न लाख वर्षांनी थिजलेले. फरक किरकोळ वाटतो का? माणसाच्या ‘होमो’ या अख्ख्या प्रजातीचा इतिहास तीस लाख वर्षांच्या आत मावतो. वरळीचा बेडूक डायनोसॉरांच्या सावलीत उड्या मारत होता, असे चित्र आपण मुलांना दाखवतो. या साक्षी मान्य केल्या, तर त्या बेडकाच्या जन्मापर्यंत डायनोसॉरांची हाडे केव्हाच खडकात दबली होती.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशी दोन शब्द. आर्गॉनचे आकडे आले की काही वाचक लगेच म्हणतात: झाले तर मग, यंत्राने उत्तर दिले, किड्यांची कवचे मोजत बसण्याचे दिवस गेले. हा उर्मटपणाही मला मान्य नाही. आर्गॉन लाव्हाचे वय सांगतो, तळ्याचे नव्हे. तळे त्या लाव्हाच्या वर होते की खाली, हे जागेवर जाऊन पाहावे लागते. मुंबईत थर पश्चिमेकडे कललेले आहेत, मधूनमधून तुटलेले आहेत, आणि त्यांच्यावर शहर बसले आहे. तेथे ‘वर’ आणि ‘खाली’ ठरवणे सोपे नाही. झिजलेल्या बसाल्टातून आर्गॉन निसटलेला असू शकतो. तसे झाले की घड्याळ मागे पडते. शिवाय ते पाणी गोडे होते की मचूळ, तळे बारमाही होते की उन्हाळ्यात आटणारे, हे कोणतेही यंत्र सांगणार नाही. ते खसखशीएवढे कवच सांगते. दख्खनच्या ऑस्ट्राकोडांत फक्त भारतात आढळणाऱ्या जातींचे प्रमाण इतके मोठे आहे की व्हॉटली यांनी त्यावरून, बेट होऊन उत्तरेकडे सरकणाऱ्या भारतातूनच काही वंश पुढे बाहेर पसरले असावेत, या मताला पुष्टी दिली. केवढी मोठी गोष्ट ती! आणि आपण त्याच प्राण्याला तारखेचा शिक्का म्हणून वापरून फेकून देतो.

हीच बाब उलट्या अंगाने पाहा. जी जात फक्त इथेच सापडते, तिची युरोपातल्या किंवा चीनमधल्या थरांशी तुलना करून काळ ठरवता येत नाही, कारण तुलनेला तिकडे काही नाही. तिचे वेगळेपण जितके मोठे, तितकी ती कालमापनाला कमी उपयोगी. आपल्या पोस्टींत मात्र ‘अद्वितीय भारतीय जीवाश्म’ आणि ‘त्यावरून सिद्ध झालेला काळ’ ही दोन्ही वाक्ये लागोपाठ येतात, आणि दोन्हींना सारख्याच टाळ्या पडतात.

कुर्ल्याच्या वाचकांसाठी एक गाऱ्हाणे शेवटी राहिले आहे. ज्या खाणींतून राजाबाई टॉवर निघाला, त्या खाणींच्या भागांत आज वस्त्या आहेत, गाळे आहेत, मनोरे आहेत. वरळीच्या थरावर काय उभे आहे, ते सांगायला नको. जोगेश्वरीच्या आंबोली खाणीतून निघालेल्या कासवाला २००३ मध्ये ‘सांकुचेमिस सेठनाइ’ असे नवे नाव मिळाले. म्हणजे या उपनगरांच्या पोटात अजून नवी नावे निघण्याजोगे काही होते. आजही मोठ्या इमारतीच्या पायाआधी विंधनछिद्रे घेतली जातात, आणि काही ठिकाणी बसाल्टच्या मध्ये काळपट, पातळ पापुद्र्यांचा ‘शेल’ लागतो. अभियंत्याच्या दृष्टीने तो कमकुवत खडक. त्याची नोंद खोली आणि मजबुतीपुरती होते, आणि काम आटोपले की गाभ्याच्या पेट्या भंगारात जातात. त्या शेलच्या तुकड्यात ऑस्ट्राकोड असतील की नाही, हे भिंग लावल्याशिवाय कसे कळणार? ज्याला इतिहासाची आवड आहे आणि ज्याचा काका, मावशी किंवा मित्र अशा कामावर आहे, त्याने एक तुकडा मागून घ्यावा. मात्र त्याच दिवशी, त्याच हाताने, चिठ्ठीवर जागा आणि खोली लिहावी. ठिकाण न लिहिलेला जीवाश्म हा दफ्तराचे नाव हरवलेल्या कागदासारखा असतो. घरात शोभतो, पुराव्यात चालत नाही.

माझ्या जुन्या धाग्यातले वरळीच्या बेडकाचे चित्र मी काढून टाकलेले नाही. खालची ओळ बदलली आहे. ती आता अशी आहे: इंडोबॅट्राकस पुसिलस, वरळीचा अंतरा-ट्रॅपी थर, वर्णन ओवेन, १८४७. काळ परागकणांवरून डेनियन. मुंबई परिसरातील मोजलेले ज्वालामुखी खडक सुमारे ६.३ ते ६ कोटी वर्षांपूर्वीचे. थरात ऑस्ट्राकोड विपुल. कालनिर्णयासाठी वापरलेले नाहीत.